वायरमनचा नैसर्गिक पीळ

कारखान्यात त्यांना मायक्रॉनसाहेब म्हणत. हे नाव इतकं रुळलं होतं की नवा लागलेला वॉचमन पहिल्याच दिवशी फाटकावरच्या वहीत तेच लिहून मोकळा झाला, आणि साहेबांनी त्यापुढे निमूट सही केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या अचूकपणावरून हे नाव पडलं, असं साहेब समजत. ते त्यांच्या मनाच्या मोठेपणावरून पडलं होतं.

कारखाना कनेक्टर बनवायचा. म्हणजे दोन वायरी एकमेकींना जोडणारे आणि वेळ आली की सोडवता येणारे प्लॅस्टिकचे तुकडे. वायर सोलली की आतून केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांची जुडी निघते. मध्यम वायरीत पन्नासेक तारा. ही जुडी पितळी पिनेत दाबून बसवायची आणि पिन समोरच्या भोकात घालायची, ही जुनी रीत. साहेबांना ती बघवत नसे. पिन ही मध्यस्थ आहे, आणि मध्यस्थ आले की डोकी तापतात, असं त्यांचं म्हणणं. तारा आहेत ना, मग तारांनीच तारांना भेटावं. दोन ब्रश समोरासमोर धरून एकमेकांत खुपसले की इकडचे केस तिकडच्या केसांत शिरतात आणि ओढले तरी चटकन सुटत नाहीत, तसं. इकडच्या पन्नास, तिकडच्या पन्नास, वरून एक कडं आवळायचं. पिन नाही, स्क्रू नाही, सोल्डर नाही.

कल्पना चांगली होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून कोणाचा तसा समज होणार नाही.

प्रयोगशाळेत साहेबांनी पाचशे टोकं स्वतः तयार केली. डोळ्याला भिंग लावायचं, वायर सोलायची, चिमट्याने एकेक तार सरळ करून जुडी फुलासारखी उमलवायची. एका टोकाला अकरा मिनिटं. मग ती टोकं तपासणी विभागाच्या अण्णांकडे जायची. अण्णा तीस वर्षं वस्तू मोडून बघण्याचा पगार घेत होते. एखादी वस्तू मोडली नाही की त्यांचा दिवस वाया जाई. साहेबांनी त्यांचे सलग कित्येक दिवस वाया घालवले. ओढून पाहिलं, तापवून पाहिलं, थरथरवून पाहिलं, पाचशेच्या पाचशे जोड पास झाले.

मग पहिली खरी चाचणी कारखान्याच्याच जुळणी विभागात झाली, आणि तिथे माशी शिंकली.

ज्याने आयुष्यात दहा वायरी सोलल्या आहेत त्याला माहीत असतं: वायर सोलली की चिमूट टोकापाशी जाते आणि तारांना पीळ देते. हे कोणी ठरवून करत नाही. साहेबांच्या कनेक्टरला मात्र पीळ चालत नव्हता. पिळलेली टोकं एकमेकांत शिरत नाहीत. दोन खिळे समोरासमोर यावेत तशी एकमेकींना ढुशा देतात आणि एका ठिपक्यावर टेकून तापत बसतात. साहेबांनी प्रत्येक टेबलावर लाल अक्षरांत सूचना लावली होती, 'पीळ देऊ नये'. जुळणी विभाग सांभाळणाऱ्या ताईंनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. वाचत असताना त्यांच्या हातातल्या वायरीला त्या पीळ देत होत्या.

वीस बायकांनी दोनशे टोकं केली. एकशे ब्याण्णवांना पीळ होता. उरलेल्या आठांना का नव्हता याची चौकशी केली, तर तेवढ्यात चहाची सुट्टी झाली होती.

साहेबांनी सूचना बदलली. पिळलेल्या टोकाचं चित्र काढून त्यावर फुली मारली. मग ताईंना बोलावून व्याख्यान दिलं. ताईंनी ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि जाता जाता टेबलावर पडलेल्या नमुन्याची विस्कटलेली टोकं व्यवस्थित पिळून ठेवली. कोणाचं तरी काम अर्धवट राहिलंय असं वाटून.

त्या दिवसापासून हात वापरून पोट भरणाऱ्या समस्त मानवजातीबद्दल साहेबांचं मत, जे आधीही फार बरं नव्हतं, ते पक्कं झालं. माणसाच्या हातात पक्कड आली की रक्त कोपराच्या वर चढत नाही, असं ते अण्णांना म्हणाले. अण्णांच्या हातात तेव्हा पक्कड होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही.

कारखाना एका बाईंचा होता. सगळे त्यांना मालकीणबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांनी साहेबांना बोलावून जे सांगितलं ते थोडक्यात असं: लिफ्ट बनवणारी एक कंपनी नवा कनेक्टर बघायला तयार आहे, सहा आठवड्यांनी त्यांचे चोवीस फिटर एका सकाळी तो लावून बघतील, जमलं तर ठीक, नाही तर पिना झिंदाबाद, आणि साहेबांनी वरच्या मजल्यावरचं टेबल आवरून माहितीपत्रक विभागात बसायला जावं.

माहितीपत्रक विभाग तळमजल्यावर, पार्सलच्या खोलीला लागून होता. तिथे खोकी, दोरे आणि एक गृहस्थ असत. गृहस्थ गेली अठरा वर्षं प्रत्येक वस्तूचं वर्णन 'दर्जेदार आणि टिकाऊ' असं करत होते. कारखान्यात साहेब ज्यांना कमी लेखत त्यांची यादी मोठी होती, पण तिच्या तळाशी, ताईंच्या आणि वॉचमनच्याही खाली, हे गृहस्थ होते. स्वतःच्या टेबलाशिवाय साहेबांना जगात दुसरं काही नव्हतं. घरी बायको होती, पण ती रेखाटनात बसत नसे.

आता या घराकडे वळायला हवं, कारण तिथे रविवारी स्वयंपाकघरातला पंखा बंद पडला.

साहेबांच्या बायकोचा मोठा भाऊ वायरमन होता. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, रविवारी जेवायला यायचा, आणि बायको त्याला दादा म्हणायची. साहेब त्याला काहीच म्हणत नसत. बावीस वर्षांत त्याला हाक मारायची वेळ आली की ते खाकरत. त्याच्याशी बोलण्यासारखं काही नाही हे त्यांनी लग्नाच्या मांडवातच ताडलं होतं, आणि एकदा घेतलेलं माप ते पुन्हा घेत नसत.

जेवण झाल्यावर दादाने स्टुलावर चढून स्विचबोर्ड उघडला. साहेब पाणी प्यायला आत आले होते. दादाने वायर सोलली आणि चिमटीने पीळ दिला. साहेब पेला हातात धरून थांबले. दुसरी सोलली, पीळ. तिसरी, पीळ. एक टोक तर नुसतं कापून टेपखाली झाकायचं होतं, त्याचा पुढे काही उपयोग नव्हता, त्यालाही पीळ.

साहेब खाकरले आणि हा पीळ कशासाठी, असं विचारते झाले. दादाने वळून बघितलं. भावोजींनी आपल्याला प्रश्न विचारला याचंच त्याला आधी नवल वाटलं असावं.

"कशासाठी म्हणजे?" तो म्हणाला. "नाही दिला तर कसंतरीच वाटतं, भावोजी. शिंकल्यावर नाक न पुसल्यासारखं."

असल्या उत्तराला शास्त्रात जागा नसते. पण साहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे लोक सुधारणार नाहीत. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. तर मग पीळ देऊ नका असं सांगत बसण्यापेक्षा दिलेला पीळ कनेक्टरनेच उलगडावा. आत प्लॅस्टिकचा एक छोटा शंकू बसवायचा, त्यावर स्क्रूसारखे फिरते आटे. टोक आत घातलं, कनेक्टर अर्धा फेरा फिरवला, की आटे तारांना पिळाच्या उलट दिशेने मोकळं करत नेतील आणि जुडी आपोआप उमलेल. माणसाच्या मूर्खपणाचा यंत्रात समावेश करायचा. साहेबांनी आतून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला आणि दादाची नऊच्या नऊ टोकं मोजली. प्रत्येकाला अडीच पीळ, आणि सगळे डावीकडे. नऊ टोकांत पाव पिळाचाही फरक नाही. जनावरं वाट चुकत नाहीत तसं हे, असं ते मनात म्हणाले. पंखा सुरू झाला तो त्यांना कळलासुद्धा नाही. आभार मानायचे राहून गेले, पण ते दरवेळीच राहायचे.

सोमवारी रेखाटनाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: 'वायरमनचा नैसर्गिक पीळ: अडीच, डावा.' मग एक छोटं यंत्र बनवून घेतलं, जे पाचशे टोकांना अडीच-अडीच डावे पीळ देईल. शंकूचा साचा त्यावरून कापला. पाचशेच्या पाचशे टोकं उमलली. अण्णांचे आणखी काही दिवस वाया गेले.

लिफ्ट कंपनीकडे निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी रेखाटन उचलून कोपऱ्यातली ओळ वाचली आणि विचारलं, हे माप कुठून आलं. साहेब म्हणाले, निरीक्षणातून. अण्णांनी विचारलं, किती वायरमनच्या.

"अण्णा, तारेचे नमुने पाचशे घ्यावे लागतात, कारण प्रत्येक तार वेगळी असते," साहेब म्हणाले. "वायरमन एक पाहिला की सगळे पाहिले."

अण्णांनी रेखाटन होतं तिथे ठेवलं. ते पगार वस्तू मोडण्याचा घेत होते, साहेबांना मोडण्याचा नाही.

लिफ्ट कंपनीच्या दालनात तीन लांब टेबलं मांडली होती. एकेका टेबलाला आठ फिटर. मालकीणबाई मागे खुर्चीवर बसल्या. साहेबांनी या वेळी एकही सूचना लावली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ते एवढंच म्हणाले की रोज करता तसं करा, तुमच्याकडून दुसरी अपेक्षाही नाही. फिटरांना यातलं पहिलं वाक्य ऐकू गेलं. त्यांनी वायरी सोलल्या, नेहमीसारखा पीळ दिला, टोकं आत घातली आणि फेरा दिला.

पहिल्या टेबलावरून एक फिटर म्हणाला, "साहेब, हे उघडतंय की आवळतंय?"

आवळत होतं. आटे तारांना उलगडण्याऐवजी त्याच दिशेला आणखी पिळत होते. कनेक्टर काढून बघितला तर आत जुडीची सुई झाली होती. एका फिटरने तिने दात कोरून दाखवले, बाकीचे हसले. साहेबांनी दुसऱ्या टेबलाशी धाव घेतली. तिथेही सुया. त्यांनी एकाच्या हातातून वायर ओढून घेतली आणि पीळ बघितला. उजवा. शेजारच्याचा, उजवा. त्याच्या शेजारच्याचा, उजवाच. साहेबांनी त्या माणसाला विचारलं, तू असा उलटा पीळ का देतोस. तो म्हणाला, उलटा कुठाय, सगळे असाच देतात. आणि त्याने बोट फिरवून दालनभर दाखवलं.

सगळे नव्हते. चोवीसपैकी दोघांचे कनेक्टर सुरेख उमलले होते, चित्रासारखे. साहेब त्या दोघांपाशी जाऊन उभे राहिले, यांना तरी अक्कल आहे अशा नजरेने. अण्णाही तिथे आले. त्यांनी कनेक्टर बघितले नाहीत, फिटरांचे हात बघितले, आणि दोघांनाही आणखी एकेक वायर सोलायला सांगितली.

परतताना गाडीत मालकीणबाई पुढे बसल्या होत्या. मागे अण्णा हळूच म्हणाले, "ते दोघे डावखुरे होते, साहेब."

साहेबांनी तोंड खिडकीकडे केलं. ते विजेचे खांब मोजत होते असं अण्णांना वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी बूट न काढताच बायकोला विचारलं की तिचा भाऊ कोणत्या हाताने लिहितो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली.

"डाव्या. लिहितो डाव्याने, पक्कड धरतो डाव्याने, तुमच्यासमोर बसून चमचा धरतो तोही डाव्याने. बावीस वर्षं दर रविवारी. का, आज काय एवढं?"

सहज, असं साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. त्या म्हणाल्या, लिफ्टवाले अजून नाही म्हणालेले नाहीत, त्यांना गंमत वाटली आहे. काय चुकलं ते एका पानावर लिहून द्या. कारण पटलं तर तीन आठवडे देते, टेबलही तुमचंच. नाही पटलं तर तळमजला.

चूक तशी फार मोठी नव्हती. अण्णांनी कालच हिशेब केला होता: साचा आरशात बघावा तसा उलटा कापायचा, आठ दिवसांचं काम. कागदावर दोन ओळी लिहायच्या होत्या. किती वायरमन पाहिले: एक. कोण: बायकोचा भाऊ, डावखुरा, हे लक्षात आलं नाही. अण्णा साहेबांच्या टेबलापाशी मुद्दाम आले आणि समजावून सांगू लागले की बाई हसतील, पोटभर हसतील, आणि मग सही करतील. हसणारी माणसं सही करतात.

"लिहून टाका, साहेब. दोन ओळींचं तर काम आहे."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. पहिला शब्द म्हणून 'मेहुणा' लिहायचा होता. ते त्या शब्दाकडे, म्हणजे तो जिथे आला असता त्या जागेकडे, बघत बसले. ज्या माणसाला त्यांनी बावीस वर्षांत हाक मारली नाही त्याच्या बोटांवर आपण अख्खा साचा कापला, आणि तीही बोटं नीट बघितली नाहीत, हे स्वतःच्या अक्षरात लिहायचं. ते पान फायलीत राहणार. ताई वाचणार, वॉचमन वाचणार. वाचून त्यांना वाटणार की साहेबही चुकतात, म्हणजे तेही आपल्यासारखेच. टेबल गेलेलं चालेल, हे चालणार नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पान भरलं. त्यात लिहिलं होतं की वापरकर्त्यांच्या हातांना शिस्त नाही; चोवीसपैकी बावीस फिटर सदोष दिशेने पीळ देतात असं आढळून आलं; सबब लिफ्ट कंपनीने आपल्या फिटरांना डावीकडे पीळ देण्याचं प्रशिक्षण द्यावं, ते शक्य नसल्यास फिटर बदलावेत.

मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पार्सलच्या खोलीत फोन करून एक जादा खुर्ची आहे का ते विचारलं.

पुढचं काम अण्णांकडे गेलं. अण्णांनी रेखाटनातली कोपऱ्यातली ओळ खोडली आणि तीन दिवस लिफ्टवाल्यांच्या फिटरांमध्ये नुसतं बसून त्यांचे हात बघितले. चौथ्या दिवशी दोन साचे कापायला सांगितले: राखाडी कनेक्टर उजव्या पिळासाठी, निळा डाव्यासाठी. चोवीसच्या चोवीस टोकं उमलली. लिफ्टवाल्यांनी माल घ्यायचं कबूल केलं, फक्त सोबत माहितीपत्रक हवं म्हणाले.

माहितीपत्रक लिहायचं काम अर्थात तळमजल्यावर आलं. गृहस्थांनी 'दर्जेदार आणि टिकाऊ' लिहून कागद शेजारच्या खुर्चीकडे सरकवला. साहेब तीन आठवडे त्या खुर्चीत बसले होते. स्वतःच्या कनेक्टरचं चित्र समोर आलं, दोन रंगांत, आणि तीन आठवड्यांचं सगळं उसळून वर आलं. त्यांनी गृहस्थांचे शब्द खोडले आणि त्यांच्या आयुष्यातलं सर्वात जहरी वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. शिवी द्यावी तर अशी, छापील, आणि ज्याला दिली त्याने स्वतः पाकिटातून काढून वाचावी अशी.

वाक्य होतं: 'ज्याला दुसरं काहीही जमत नाही, त्यालाही हे जमेल.'

मालकीणबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात घेतलं. लिफ्टच्या फिटरांनी ते वाचून पाठीवर थापा मारल्या, एकमेकांच्या. पहिल्या महिन्यातच आणखी चार कंपन्यांनी मागणी पाठवली आणि दोघांनी पत्रात तेच वाक्य उतरवून काढलं: आमचीही माणसं अगदी अशीच आहेत, नेमकं हेच हवं होतं.

साहेबांनी आपल्याला वरच्या मजल्यावर परत घ्यावं असा अर्ज केला होता. मालकीणबाई तो घेऊन स्वतः खाली आल्या, पार्सलची दोन खोकी ओलांडून.

"अहो साहेब, पंचवीस वर्षं तुम्ही चुकीच्या मजल्यावर होतात," त्या म्हणाल्या. "माणसं तुम्हाला किती कळतात."

अर्जावर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या शेरा मारला: याच विभागात कायम.